बासरी लाव

आमच्या जुन्या ग्रुपवर कोणी लांबण लावली की खाली दोघातिघांचं एकच उत्तर पडतं: "बासरी लाव बे याची." मागच्या महिन्यात एकानं लग्नाच्या वाढदिवसाला बायकोचं कौतुक करणारा साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला. त्यालाही बासरीच मिळाली. त्याच्या बायकोनं म्हणे विचारलं, तुमच्या मित्रांना संगीताची एवढी आवड कधीपासून?

तर ही बासरी.

२०१६ ते २०१८ मी नागपुरात एमए करत होते. काटोलहून रोज एसटीनं येणं-जाणं दोन महिन्यांत अंगावर आलं, म्हणून रामनगरात दोन मुलींबरोबर खोली घेतली. तिथून कॅम्पस चालत. कॅम्पसवर एक छोटं रेडिओ केंद्र होतं, सामुदायिक रेडिओच्या परवानगीवर चालणारं. केंद्राचं नाव लिहीत नाही. त्यातली माणसं लगेच ओळखू येतील, आणि मला कोणाशी भांडायचं नाही.

पन्नास वॅटचा ट्रान्समीटर. नियमानं तेवढाच मिळतो. गच्चीवर लोखंडी मनोरा, त्यावर बाराही महिने अडकलेला एक पतंग. आम्ही रवीनगरला खणखणीत ऐकू यायचो, सदरपर्यंत बरे, मेडिकल चौकात नुसती खरखर, आणि वर्धा रोडनं विमानतळाकडं निघालं की एखाद्या खाजगी वाहिनीची फर्निचरची जाहिरात आमच्या अंगावर चढायची. श्रोते किती, हे कोणालाच माहीत नव्हतं. फोन मात्र यायचे. ऑटोवाले, होस्टेलची पोट्टी, गोकुळपेठेतले एक निवृत्त काका जे दर वेळी फक्त "आवाज स्पष्ट येतोय" एवढंच सांगून फोन ठेवायचे.

मला बोलायचं होतं. म्हणजे माइकवर. पहिल्याच दिवशी सरांनी वाचायला एक उतारा दिला, त्यात 'काळ्या डोळ्यांची' असं काहीतरी होतं. मी वाचलं, "काया डोयाची." काटोलकडं आम्ही घरी असंच बोलतो, आणि घाबरले की माझी जीभ घरी पळते. सर हसले नाहीत, चांगला माणूस. पण त्यांनी मला काचेच्या अलीकडं बसवलं, कन्सोलवर. "आवाज ऐकणारं कोणीतरी लागतं," म्हणाले. त्या वाक्याचा मला तेव्हा राग आला होता. आज माझं पोट त्याच कामावर चालतं, घरी बसून लोकांचे आवाज कापते, जोडते, खोकले काढून टाकते.

कन्सोलला सहा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या. प्रत्येकाखाली पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं नाव. एक ते चार वक्ते, पाच निवेदिका, सहा कॉम्प्युटर. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक फाइल कायम उघडी: 'बासरी ३'. संगीत विभागातल्या एका सीनियरनं रेकॉर्ड करून दिलेली, चार मिनिटं दहा सेकंद, हक्काची काही भानगड नाही. कोणी बोलू नये ते बोललं की माझ्या उजव्या हाताला दोन कामं एकदम करायची असत: बोलणाऱ्याचा फेडर खाली, सहाचा वर. श्रोत्याला वाटायचं, छान, बासरी लागली.

बोलू नये ते म्हणजे काय, ते सांगते.

दर शनिवारी पाच ते सहा आमचा विद्यार्थ्यांच्या चर्चेचा कार्यक्रम लाइव्ह असायचा. बाहेर चहाच्या टपरीवर पोट्टे ज्या विषयांवर एकमेकांची गचांडी धरत, तेच विषय आत यावेत अशी आमची इच्छा. आणि सरकारचं २००६ चं धोरण सांगतं की सामुदायिक रेडिओवरून बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचं काही प्रसारित करायचं नाही. खाजगी एफएमलाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. रेडिओवरच्या बातम्या म्हणजे आकाशवाणीच्या. केंद्राची परवानगी दिल्लीच्या मंत्रालयाची, तेव्हा पाच वर्षांची, आणि प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायची अट. सर हे सगळं दर नव्या बॅचला सुरुवातीच्या भाषणात सांगत. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातलं पहिलं कॅम्पस केंद्र सुरू झालं तिथपासून धरत, आणि शेवटी म्हणत, "हे केंद्र बंद पडलं तर माझ्या नावावर पडेल, तुमच्या नाही. तुम्ही पास होऊन निघून जाल." सरांनी उमेदीची वर्षं आकाशवाणी चौकात कॅज्युअल निवेदक म्हणून काढली होती, महिन्यातून सहा ड्यूट्या मिळतील का याची वाट बघत. त्यांची भीती फुकटची नव्हती.

म्हणून त्यांनी आमच्यासाठी तीन नियम केले. पहिला: हयात राजकारण्याचंच काय, कोणत्याही हयात मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. दुसरा: पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही. यामुळं आमची निवेदिका "घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं" म्हणायलाही कचरायची, नुसतं "पाच दहा झालेत" म्हणायची. कमळ, हात, धनुष्यबाण, इंजिन, हत्ती, सायकल, सगळंच संशयित. एकदा सायकल ट्रॅकवर चर्चा होती तेव्हा माझा हात तासभर फेडरवरून हलला नाही. तिसरा नियम: तारीख, आकडा, नाव चुकलं तर पुढच्या शनिवारी पहिल्या मिनिटात दुरुस्ती सांगायची. आकाशवाणीतून आणलेली सवय.

पहिल्या नियमाचे परिणाम विचित्र होते. विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोटे फेब्रुवारी २०१७ मध्ये गेले. कॅम्पसवर पोट्टे खरंच हळहळले, आणि त्याच संध्याकाळी एकजण म्हणाला, "आता आपल्याले त्याईचं नाव घेता येते बे." हसावं की नाही कोणालाच कळेना. आमचा वकील (लॉ कॉलेजचा, अमरावतीचा, त्याला सगळे वकीलसाहेबच म्हणत) याच नियमावर सरांशी भांडायचा. त्याचं आवडतं अस्त्र म्हणजे फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. खटला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, पण त्यात न्यायालयानं म्हटलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. "सर, लहरी पब्लिकच्या, आपण पब्लिक, मग बासरी कायले?" तो निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचा, आणि ते तेव्हा हयात होते. त्यामुळं ऑन एअर गेल्यावर वकीलसाहेबाला 'एक मराठी न्यायमूर्ती' एवढ्यावर भागवावं लागलं. त्या दिवशी आम्ही आत काचेमागं पोट धरून हसलो.

मग करायचं काय? पोट्टे इतिहासात घुसले. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर कर्जमाफीचा धुरळा होता. आम्ही चर्चा ठेवली १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवर. सावकाराच्या वह्या शेतकऱ्यांनी का जाळल्या, यावर तासभर असं भांडण झालं की ऐकणाऱ्याला वाटावं वह्या काल कळमन्याला जळाल्या. नोटाबंदीचा विषय निघाला की महंमद तुघलकाची नाणी काढायची. सरांना सगळं कळत होतं. ते केबिनमधून ऐकत, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या सावकाराला कोणी फारच शिव्या दिल्या तर दार किलकिलं करून माझ्याकडं बघत.

याचा फायदा झाला, नाही म्हणणार नाही. ज्या पोट्ट्यांनी फॉरवर्ड सोडून दुसरं काही वाचलं नव्हतं ते वाचनालयात गॅझेटियर काढून बसले. पण एक सवयही लागली, आणि ती मला आवडत नव्हती. सगळे आडून बोलायला शिकले. डोळा मारून बोलायचं, ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं, आणि अंगावर आलं तर "मी तर तुघलकाबद्दल बोललो" म्हणून हात वर. वीस-बावीसच्या वयात ही हुशारी फार लवकर येते.

आणि आम्हाला राजकारण दुसरीकडं करायला कुठं मिळत होतं? मुंबईत १९८९ मध्ये एका विद्यार्थ्याचा निवडणुकीच्या वादातून खून झाला, त्यानंतर राज्यातल्या कॉलेजांच्या थेट निवडणुका गेल्या. १९९४ च्या कायद्यानं वर्गाचा प्रतिनिधी मार्कांवर नेमायला सुरुवात केली. २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुका परत आल्या, म्हणजे कागदावर आल्या. आमच्या दोन वर्षांत मी एकही मतपेटी पाहिली नाही. आमदार निवडायला आम्ही चालत होतो, वर्गप्रतिनिधी निवडायला नाही.

आता डिसेंबर २०१७.

हिवाळी अधिवेशन सुरू झालं होतं. नागपूरकराला त्याचं काय असतं ते सांगायला नको: सिव्हिल लाइन्सचे रस्ते रातोरात काळे कुळकुळीत होतात, दुभाजकांना रंग बसतो, आमदार निवासाबाहेर पानठेले वाढतात, आणि बर्डीकडं, म्हणजे सीताबर्डीकडं, जायचं असेल तर घरून तासभर आधी निघावं लागतं. त्या वर्षी भरीला मेट्रोचे खड्डे. आम्ही विषय ठेवला 'नागपूर करार: १९५३ चा एक कागद'. सर खूश, सगळी माणसं स्वर्गवासी.

एक नंबरला वकील. दोन नंबरला सातारकरीण, एमएसडब्ल्यूला होती, बोलायला फटकळ, नागपुरात येऊन दीड वर्ष झालं होतं आणि आमची नक्कल आमच्यापेक्षा बरी करायची. तीन नंबरला चंद्रपूरची वीजवाली. तिचं प्रत्येक भाषण औष्णिक केंद्राच्या चिमणीवरून निघून राखेवर संपायचं, म्हणून ते नाव. चौथा येणार होता तो मोर्च्याच्या बंदोबस्तात अडकला. पाचला पाच कमी असताना त्याचा फोन आला, "मॉरिस कॉलेजच्या पुढं सोडून नाई राहिले."

खुर्ची रिकामी दिसली तर चर्चा एकतर्फी वाटते, असं सरांचं मत. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. फोनच्या टेबलाशी आमचा रजिस्टरवाला बसला होता. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला, भंडारा जिल्ह्यातला, पवनीकडच्या एका खेड्यातला, होस्टेलवर राहायचा. येणाऱ्या फोनची नोंद रजिस्टरमध्ये करायची हे त्याचं काम, आणि अक्षर असं की छापल्यासारखं. बोलायचा मात्र रजिस्टरपुरतंच. सर म्हणाले, "तू बस रे. काही सुचलं तर बोल, नाही तर नुसतं हूं म्हण."

वकीलसाहेबानं धडाक्यात सुरुवात केली. २९ सप्टेंबर १९५३ ला करार झाला (२८ सप्टेंबर. पुढच्या शनिवारी दुरुस्ती सांगितली.). कोणत्या अटींवर विदर्भ मराठी राज्यात यायला तयार झाला: लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत वाटा, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, आणि दर वर्षी विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन नागपुरात. मग १९५५ चा राज्य पुनर्रचना आयोग, त्यानं तर विदर्भाचं वेगळं राज्यच सुचवलं होतं. मग १९५६, नागपूरची राजधानी गेली. मग १९६२, लोकनायक बापूजी अणे विदर्भाच्या मुद्द्यावर नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. श्वास घ्यायला तो फार कमी थांबतो, कन्सोलवर आवाजाची पातळी दाखवणारे त्याचे दिवे सतत पिवळ्यात.

सातारकरणीनं त्याला मध्येच धरलं. "चौसष्ट वर्षं तुम्ही एकाच कागदावर रडून राहिले. कन्नमवार कुठले? चंद्रपूरचे. वसंतराव नाईक कुठले? पुसदचे, अकरा वर्षांच्या वर मुख्यमंत्री. सुधाकरराव नाईक कुठले? पुन्हा पुसद. तीन झाले. चौथ्यांचं नाव मी इथं घेऊ शकत नाही, पण ते सध्या तुमच्याच गावात मुक्कामाला आहेत."

माझा हात उडाला. पण नाव घेतलंच नव्हतं. केबिनचं दार किलकिलं झालं, पुन्हा बंद झालं. आतून हसल्याचा आवाज आल्यासारखा वाटला, शपथेवर नाही सांगत.

वीजवाली राखेपर्यंत पोचली. वकीलसाहेब तिच्यावरून उडी मारून पुन्हा करारावर आला. "अधिवेशन म्हणजे कराराचा आत्मा," असं काहीतरी तो म्हणाला, त्यावर सातारकरीण: "कसला आत्मा? अधिवेशन म्हणजे तुम्हाला ट्रॅफिक आणि आमच्याकडच्या आमदारांना सावजी मटण." आत सगळे हसले. निवेदिका पण हसली. पाच पस्तीस झाले होते.

आणि चार नंबरचा हिरवा दिवा लागला.

तो हळू बोलत होता. आवाज इतका खाली की पहिला दिवा लागून विझायचा. मी त्याचा फेडर शून्यापर्यंत, म्हणजे नेहमीच्या खुणेपर्यंत नेला, मग शून्याच्या वर, अगदी टोकाला, आणि बाकीच्या तिघांचे खाली ओढले, त्यांचे श्वास मध्ये येत होते.

"आमच्या गावात अधिवेशन म्हणजे सावजी नाई," तो म्हणाला. "आमच्या गावात अधिवेशन म्हणजे तेवीस नोव्हेंबर. कराराचं ते कलम आहे ना, त्याच्यामुळंच आमचे लोक इथं आले होते. अधिवेशन मुंबईलेच असतं तर कायले आले असते? १९९४ साल. गोवारी समाजाचा मोर्चा. अनुसूचित जमातीची सवलत पाहिजे होती. दिवसभर बसून होते, कोणी निवेदन घ्याले येईन म्हणून. मंग लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. ११४ लोक मेले. बाया आन् लेकरंच जास्त."

आत कोणी हललं नाही. वकीलसाहेबानं हातातला कागद टेबलावर ठेवला, त्याची सळसळ सुद्धा मला हेडफोनमध्ये ऐकू आली.

"माहा मामा होता त्याच्यात. वापस आला तो. मागच्या निवडणुकीत..."

निवडणुकीत.

मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. दीड वर्ष जे करत आले ते हातानं केलं. चार नंबर खाली, सहा वर. बासरी ३.

पुढचं नीट सांगायला हवं. स्टुडिओत हेडफोन फक्त निवेदिकेला असतात. वक्त्यांना बाहेर काय चाललंय ते ऐकू येत नाही, भिंतीवरचा लाल दिवा चालूच असतो. निवेदिकेच्या कानात बासरी सुरू झाली. तिनं काचेतून माझ्याकडं पाहिलं. मी हातानं 'चालू दे' अशी खूण केली, का ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिनं त्याला थांबवलं नाही. तो माइककडं बघत बोलत राहिला, एक मिनिट पन्नास सेकंद. शहरात भूप वाजत होता.

माझ्या कानात मात्र तो होता. फेडर खाली असला तरी बटण दाबून त्या माइकचा आवाज हेडफोनमध्ये ऐकता येतो, ती सोय कन्सोललाच असते. आणि आमचं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग, म्हणजे प्रत्येक माइकचं वेगळं, फेडरच्या आधीच व्हायचं, त्यामुळं मशीनमध्येही तो जात होता.

"मागच्या निवडणुकीत माहं पहिलं मतदान होतं. मामा मले म्हणे, शाई दाखव. त्यानं माहं बोट हातात घेतलं आन् पाहत राहिला. तो नागपूरले येत नाई. मी इथं शिकतो, दोन तासाचा रस्ता, तरी येत नाई. त्या दिवशी अनवाणी आला होता तो घरी. चपला गर्दीत गेल्या. भंडाऱ्यापर्यंत कोणाच्या तरी ट्रकमधी, तिथून पुढं जसं जमलं तसं. आजी म्हणे, पायाले पाणी लावू देत नव्हता..."

एवढंच. मामा, बोट, चपला. ना पक्ष, ना नाव, ना चिन्ह.

मी बासरी मध्येच उतरवू शकले असते. चार मिनिटांची फाइल, कुठंही थांबवता येते. मी ती त्याचं बोलणं संपेपर्यंत ठेवली, कारण मध्येच उतरवली असती तर चूक झाली हे दिसलं असतं. सर बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बरं केलंस." चर्चा परत सुरू झाली, पण जीव गेला होता. सातारकरीण नंतर एक शब्द बोलली नाही.

पाच पंचावन्नला फोन आला. त्या दिवशी रजिस्टरवाला आत होता म्हणून मीच घेतला. मागं ऑटोचं इंजिन. "ताई, तो पोट्टा बोलून राहिला होता ना, गोवारी मोर्च्याचं. पुढचं ऐकवा ना. बासरी कायले लावली?" मी म्हटलं तांत्रिक अडचण. रजिस्टरमध्ये मात्र लिहिलं नाही. मला त्याच्याच रजिस्टरमध्ये, त्याच्या त्या अक्षराखाली ते लिहवलं नाही.

रविवारी सकाळी आठला कार्यक्रम पुन्हा लागायचा. शनिवारी रात्री मी तो साफ करायला बसायची. दोन्ही समोर होतं, बासरी आणि तो. सरांना फोन केला, सगळं सांगितलं, त्यात काहीच नव्हतं हेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जसं गेलं तसंच ठेव. तीन महिने जी फाइल ठेवायची ती आणि पुनःप्रसारण वेगळं निघालं तर उत्तर द्यायला मीच उभा राहणार." मी ठेवलं. मला वाईट वाटलं म्हणून मी काही शूर झाले नाही.

सोमवारी तो कॅन्टीनबाहेर भेटला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "माहीत आहे ताई. तुम्ही बासरी लावली. टपरीवर रेडिओ सुरू होता, दोस्तायनं सांगितलं." चेहऱ्यावर काही नाही. "पण मशीनमधी तर राहिलं असन ना? कॉपी भेटन का? गावात आपला रेडिओ लागत नाई, आईले ऐकवाचं होतं."

आठ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये मी त्याला पूर्ण तास दिला. बासरीशिवाय. त्याचा ट्रॅक थोडा वर आणला, बाकीच्यांचे श्वास काढले. जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं त्या फाइलला. केंद्रातली ठेवायची फाइल तीन महिन्यांनी पुसली गेली, ती बासरीची होती.

पुढं ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा मी त्याला मेसेज केला होता. नुसता अंगठा आला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला तेव्हा मी मेसेज केला नाही. बर्डीच्या ज्या उड्डाणपुलाला शहीद गोवारींचं नाव आहे त्यावरून माझं अजूनही महिन्यातून दोनदा जाणं होतं. खाली झिरो माइलजवळ स्मारक आहे. अधिवेशनात पुलावर अडकलं की ऑटोवाले इंजिन बंद करतात आणि रेडिओ मोठा करतात.

पण सांगायचं राहिलं ते जानेवारी २०१८ चं. संक्रांत होऊन गेली होती. तो पेन ड्राइव्ह परत द्यायला स्टुडिओत आला. मी म्हटलं ठेव तुझ्याकडंच. तो म्हणाला, "नाई, त्याच्यात एक चूक आहे. सर म्हणतात ना, चूक झाली तर दुरुस्ती सांगाची."

"काय चूक?"

"चपलेची. सगळ्यायनं मिळून ऐकलं घरी. मोबाइलवर लावलं होतं. मामा पण होता. तो काहीच बोलला नाई. चपलेचं आलं तं आई म्हणे, परत लाव. परत लावलं. मंग म्हणे, त्याच्या चपला त्याच्या पायातच होत्या. माह्या गेल्या."

मी त्याच्याकडं बघत राहिले.

"मले पण तवाच समजलं," तो म्हणाला. "कधी बोलली नाई ती."

आम्ही दोघं सरांकडं गेलो. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू म्हणाले, "पण बाळा, जे प्रसारितच झालं नाही, त्याची दुरुस्ती कशी सांगणार?" नियमानं ते बरोबर होतं. त्यानं मान हलवली, आणि फोनच्या टेबलाशी जाऊन रजिस्टर उघडलं.

म्हणून ती दुरुस्ती इथं सांगते. डिसेंबर २०१७ मधल्या एका शनिवारच्या कार्यक्रमात, पाच पस्तीसच्या पुढं, मामा त्या दिवशी अनवाणी घरी आले असं म्हटलं गेलं होतं. मामांच्या पायात चपला होत्या. अनवाणी त्याची आई आली.